बनुबाईंचा तिसरा वाडगा

सुप्याहून पारनेरकडे जाताना पंक्चरच्या दुकानाला लागून 'जपानी खानावळ' अशी पाटी आहे. आत दोन टेबलं आणि सहा खुर्च्या. त्यातल्या पाच इतक्या नव्या दिसतात की काल आणल्यासारख्या वाटाव्यात. पत्ता विचारला, की पंक्चरवाला बन्सी आपल्याला वरून खाली बघतो आणि काळजीनं विचारतो, "जेवायलाच चाललाय ना?"

मालकीणबाईंचं नाव बनुबाई. एमआयडीसीतल्या एका जपानी कंपनीच्या गेस्टहाउसवर त्यांनी नऊ वर्षं स्वयंपाक केला. जपानी आचाऱ्यानं हातवारे करून शिकवलं, यांनी पदर खोचून शिकून घेतलं. पुढं गेस्टहाउस बंद झालं, साहेब लोक पुण्याला राहायला गेले, आणि बनुबाईंच्या हातात अख्ख्या सुप्यात कुणालाच नको असलेली विद्या उरली. त्याच सुमारास नवरा गेला. एकटीसाठी चूल पेटवायचा त्यांना कंटाळा. म्हणून खानावळ काढली, निदान चार माणसं तरी समोर बसून जेवतील.

तांदूळ अकोले तालुक्यातला, चिकट इंद्रायणी. सूप मिसोचं, म्हणजे सोयाबीन लोणच्याच्या बरणीत सहा महिने आंबवून केलेलं. सोबत कोबी आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली कोंबडी. दीडशे रुपयांत पोटभर. उद्घाटनाला बन्सी जेवला आणि म्हणाला, "मावशे, लई झ्याक. फकस्त फोडणी टाकायची राह्यली."

"राह्यली न्हाई बाबा, टाकायचीच नसती."

"आता जपानी कुटं हाईत? आमीच हाओत, टाका की!"

बन्सीसारखे सगळेच एकेकदा जेवून गेले. मी चहापुरता येत राहिलो. जेवायला टिकले ते एकटे ओगावा साहेब, पुण्याला न जाता सुप्यातच खोली घेऊन राहिलेले म्हातारे इंजिनिअर. गुरुवारी कंपनीला सुट्टी, आणि खोलीत बोलायला भिंती. दुपारी बाराला ते दारात वाकायचे, बनुबाईही वाकायच्या. आपल्याकडं वाडगा रिकामा दिसला की वाढायचं. ओगावा खाऊन संपवायचे, बनुबाई भात घालायच्या. ते पुन्हा संपवायचे, या पुन्हा घालायच्या. तिसऱ्या वाडग्यापर्यंत तास निघून जायचा. तेवढ्यात बनुबाई त्यांना मराठीत वेगळ्या राहणाऱ्या सूनबाईंच्या तक्रारी सांगायच्या, ते जपानीत काहीतरी सांगायचे, आणि दोघंही योग्य ठिकाणी मान हलवायचे.

"मान्सानं खावं तर असं," बनुबाई मला म्हणायच्या. "न्हाईतर मी. स्वतःच्या ताटात स्वतःला कोन आग्रह करनार?"

हे दोन वर्षं चाललं. मग एका सोमवारी कंपनीतली दुभाषी माधुरी खानावळीत आली.

"मावशी, रागावू नका. ओगावा साहेब दर बुधवारी रात्रीपासून उपाशी राहतात."

"का गं? बरं न्हाई?"

"तुमच्या भातासाठी. त्यांच्यात वाडग्यात शीतसुद्धा टाकत नाहीत, वाढणाऱ्याचा अपमान होतो. त्यांना एक वाडगा पुरतो. पण तुम्ही वाढता म्हणून ते संपवतात."

"आन् ते संपवत्यात म्हनून मी वाढती!" बनुबाई मटकन खुर्चीवर बसल्या. त्या पाच नव्या खुर्च्यांतली ती एक. "देवा, मी म्हाताऱ्याला दोन वरीस छळला."

त्या गुरुवारी त्यांनी एकच वाडगा वाढला आणि हात मागं बांधून उभ्या राहिल्या. ओगावांनी तो संपवला. रिकाम्या वाडग्याकडं बघितलं, मग बनुबाईंकडं. बनुबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. अकरा मिनिटांत जेवण उरकलं. साहेब वाकले आणि गेले.

"झालं," बनुबाई मला म्हणाल्या. "आता वाकायला बी न्हाईत यायचे. अकरा मिंटं जेवायला मानूस इतक्या लांब कशाला येतंय?" आठवडाभर त्यांनी मला चहा दिला तो बिनसाखरेचा. मीही तो ओगावांच्या वाडग्यासारखा शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

पुढच्या गुरुवारी बारा वाजले, सव्वाबारा झाले. बनुबाईंनी दुपारच्या गोळीआधी खावं लागतं म्हणून उभ्यानंच दीड भाकरी खाल्ली. साडेबाराला ओगावा दारात वाकले. एकच वाडगा वाढला गेला, तो संपला. मग साहेब उठले, मांडणीवरून दुसरा वाडगा घेतला, समोरच्या खुर्चीपुढं ठेवला आणि हातानं खुणावलं, बसा.

"मी? आवो, गिऱ्हाइकाबरुबर?"

ओगावांनी पातेलं उचलून आणलं, भात वाढला. बनुबाई अवघडून बसल्या, खाल्ला. वाडगा रिकामा दिसताच साहेबांनी पुन्हा वाढला.

"पुरे, पुरे!" बनुबाईंनी वाडग्यावर हात धरला. साहेबांनी तो हात हळूच बाजूला केला आणि आणखी अर्धा डाव घातला.

नवरा गेल्यापासून बनुबाईंना कुणी वाढलं नव्हतं. पोटात दीड भाकरी होती. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि एक शीतही न टाकता तो वाडगा संपवला.