पोळ्यांच्या डब्यातला सेन्सर

कॅनडातल्या माणसांनी कुठलीही वस्तू फेकण्याआधी ती एकदा आमच्या लॅबमधल्या नागपूरच्या दादांना दाखवावी, असा कायदाच असायला हवा होता. हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत मी नवखी विद्यार्थिनी आणि ते सीनियर संशोधक. कॅन्सरशी संबंधित जनुकातला बिघाड ओळखणारा सेन्सर आम्ही बनवत होतो. पेशंटच्या गाठीतून काढलेल्या डीएनएचा थेंब त्यावर टाकायचा. बिघाड असेल तर स्क्रीनवरच्या आलेखात टेकडी उगवायची. बाकीचे लोक त्यासाठी सोन्याची पट्टी वापरत. दादांना सोन्याचा रागच होता. "सोनं लग्नात घालावं, दवाखान्यात कशाला?" असं म्हणून ते प्राध्यापकांनी टाकलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या प्लॅस्टिक शीट्स गोळा करत, टी-शर्टवर चित्र छापतात तशी त्यांवर कार्बनची शाई छापत आणि कुणाच्या तरी घरच्या गराज सेलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीतून, आणलेल्या टोस्टर अव्हनमध्ये वाळवत. त्यामुळे आमच्या सेन्सरच्या पाठीवर कुणाच्या तरी जुन्या लेक्चरची अर्धी ओळ असायची. 'एनी क्वेश्चन्स?' लिहिलेला एक सेन्सर काही केल्या चालेना, तेव्हा दादा म्हणाले, "हा स्वतःच विचारून राहिला, उत्तर काय देणार!"

सेन्सरमधला विजेचा प्रवाह इतका बारीक, की शेजारचा फ्रिज सुरू झाला तरी आलेख थरथरायचा. त्यावर उपाय म्हणजे बाहेरच्या विजेची लुडबुड अडवणारी धातूची बंद पेटी. ती विकत मिळत होती, म्हणजे दादांच्या दृष्टीने मिळतच नव्हती. एका दुपारी त्यांनी माझा पोळ्यांचा स्टीलचा डबा मागितला. मला वाटलं, भूक लागली असेल. डबा पुन्हा दिसला तेव्हा त्याला भोक पाडून वायर घातलेली होती. झाकणावर कोरलेलं आईचं नाव आणि आत सेन्सर.

"काहून चूप बसून राहिली? मस्त झाला ना?"

"मस्त झाला," मी म्हणाले. मी एकूणच जास्त बोलत नसे.

या काटकसरीमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शाई ढवळता ढवळता. त्यांच्या मोठ्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर होता. एक गोळी होती, पण जनुकात ठरावीक बिघाड असेल तरच लागू पडणारी. आणि तो शोधणारी टेस्ट इतकी महाग, की जमवाजमव होईपर्यंत भाऊ गेले. आता आमचा सेन्सर खऱ्या पेशंटच्या नमुन्यांवर तपासायचा, तर हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी ते द्यायला हवे होते. त्या एकदाच बघायला येणार होत्या.

त्या सकाळी दादा चक्क टाय लावून आले. डबा गायब होता आणि सेन्सर एका देखण्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवला होता.

"बाप्पा, पाहुण्यांसमोर काय पोळ्यांचा डबा ठेवू?" ते कुजबुजले.

बाई आल्या, दादांनी लॅबमध्येच बनवलेल्या डीएनएचा थेंब टाकून बटण दाबलं आणि आलेख वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा फडफडायला लागला. दादा वायरी हलवत राहिले. बाहेरची लुडबुड धातूच अडवतो, प्लॅस्टिक नाही, हे आम्हा सगळ्यांना शिकवणारा माणूस टायच्या गाठीपायी ते विसरला होता. बाईंनी घड्याळ पाहिलं. मी सिंकखालच्या कपाटातून डबा काढला.

"दादा, हा लावा."

"अगं, राहू दे..."

"लावा, दादा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"व्हॉट इज दॅट?" बाईंनी विचारलं.

"लंच बॉक्स," मी म्हणाले. "माय मदर्स."

सेन्सर डब्यात गेला, झाकण बसलं, आलेख शांत झाला आणि मधोमध हवी ती टेकडी उगवली. बाई आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या आणि बरंच काही विचारून झाल्यावर म्हणाल्या, की नमुने पाठवते.

त्या गेल्यावर दादा कॉरिडॉरमध्ये जाऊन नागपूरला फोन करत होते. "वहिनी, ते मशीन चाललं. हो, तेच. भाऊला पाहिजे होतं ते." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. शेवटी "हो वहिनी, जेवलो" एवढंच म्हणाले आणि फोन बंद झाल्यावरही तो तसाच कानाशी धरून, बाहेर पार्किंग लॉटवर पडणारा बर्फ बघत उभे राहिले. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.