पांढऱ्या पट्ट्यातली गोकर्ण

तिरंगी वाफा करायचा झाला, तर केशरी रंग सर्वांत सोपा आणि हिरवा सर्वांत अवघड. पुष्कळांना हे उलटे वाटते. केशरीसाठी झेंडू आहे. तो कुठेही रुजतो आणि बेताच्या पाण्यावर तग धरतो. हिरवे फूल मात्र सहसा मिळत नाही. तिथे पानांवर भागवावे लागते, आणि पाने म्हटली की शेळ्या आल्याच. आम्ही मरवा निवडला. त्याच्या उग्र वासामुळे शेळ्या त्याच्या वाटेला जात नव्हत्या. पांढऱ्यासाठी चिनी गुलाब काटक खरा, पण त्याचे फूल ऊन तापल्यावर उमलते आणि झेंडावंदन असते सकाळी. मिटलेल्या कळ्यांपुढे राष्ट्रगीत कसे म्हणायचे? म्हणून शेवंती.

हे सगळे मी आणि माझी मैत्रीण, अशा दोघींनी मिळून ठरवले होते. ‘मैत्रीण’ हा शब्द मी इथे विचार करून लिहिते आहे. तेव्हा ती होती.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमची शाळा अहमदपूरच्या पुढच्या एका गावात. मी नांदेडहून आलेली, गणित शिकवणारी. ती मराठी शिकवायची आणि गावातल्या एका मोठ्या शेतकरी घराची सून होती. आमचे घर बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून. गावात मला कुणी जात विचारली नाही. विचारण्याची गरजच पडली नसावी. भाड्याची खोली दाखवताना लोक मला गावाच्या कोणत्या टोकाला नेत होते, त्यावरून माझ्या ते लक्षात आले.

त्या साली पावसाने पाठ फिरवली होती आणि शाळेचा आड दिवाळीआधीच तळाला गेला होता. अशात निरोप आला की प्रजासत्ताक दिनाला नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले एक अधिकारी आमच्या शाळेत येणार. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावून सांगितले, “झेंड्याच्या कट्ट्यापुढं तिरंगी वाफा करा. पाण्याचं तेवढं तुमचं तुम्ही बघा.”

पाण्याचे तिने पाहिले. तिच्या सासरच्या मळ्यातली विहीर तेवढी अजून आटली नव्हती. शाळेला जाता जाता आम्ही तिथून एकेक कळशी आणायची, असे ठरले. पहिल्या दिवशी मी बांधावरच थांबले. कळशी खाली ठेवली आणि ती भरून देईल म्हणून वाट पाहू लागले.

“तिथं काय उभी ऱ्हायलीस?” ती विहिरीवरून ओरडली. “ये की इकडं. का मीच दोघींचं पाणी ओढू? हात मोडले का तुझे?”

मी गेले. तिने दोर माझ्या हातात दिला. मळ्यातला गडी हातातले काम थांबवून बघत होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्या विहिरीचे पाणी मी स्वतः ओढले, त्या दिवशी आणि पुढे रोज. हे सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की नंतर जे झाले त्याचे वजन कळायला आधीची बाजू माहीत असावी लागते.

गोकर्णीची कल्पना तिची. आमचे तीन पट्टे आखून झाल्यावर ती म्हणाली, “चक्राचं काय? चक्राबिगर कसला झेंडा?” तिच्या सासूबाईंच्या परसात कुंपणावर निळी गोकर्ण होती. रोज सकाळी ती महादेवाला वाहिली जाई. तिने पदराच्या गाठीला बांधून बी आणले. मी सायकलच्या दुकानातून एक जुनी रिम मिळवली, तारा काढून टाकल्या आणि कोनमापकाने पंधरा पंधरा अंशांवर खुणा करून चोवीस सुतळ्या बांधल्या. सुतळ्या कपड्यांच्या निळीत बुडवून घेतल्या होत्या.

ती कमरेवर हात ठेवून हसत होती. “अगं बाई, कोनमापक लावून कुणी वेल लावतं व्हय? तिला कळणार हाय का पंधरा अंश?”

“तिला नाही कळणार. आपण वळवायची.”

वेल रिमवर वळवण्याचे काम आम्ही दोघी करत होतो. रिम शेवंतीच्या मधोमध विटांवर जराशी कलती ठेवली होती, समोरून चक्र पूर्ण दिसावे म्हणून. पौष सरत आला तसा त्या वर्तुळावर निळा रंग धरू लागला. एवढी अचूक आकृती मी फळ्यावरही क्वचित काढली असेल.

झेंडावंदनाच्या दोन दिवस आधी शाळा समितीची माणसे तयारी पाहायला आली. त्यांत तिचा थोरला दीर होता. तो वाफ्यापुढे थांबला.

“हे मधी निळं काय घातलंय?”

मी सांगितले, की ते अशोकचक्र आहे. राष्ट्रध्वजात पांढऱ्या पट्ट्यावर निळ्या रंगाचे चक्र असते.

“ते ठाऊक हाय आम्हाला. झेंड्यात हाय ना? मग ऱ्हाऊ द्या की झेंड्यात. इथं कशाला?”

मागून कुणी तरी म्हणाले, “बाईंनी आपला रंग बरोबर मधी बसवला बघा!” सगळे हसले. गावात निळा झेंडा एकाच वस्तीत लागत असे. त्यामुळे त्यांना तो रंग कुठेही दिसला, तरी तो त्या वस्तीचाच वाटे.

“साहेब काय म्हणतील?” दीर म्हणाला. “शाळा गावाची हाय का तिकडची?”

मुख्याध्यापक घाईने मध्ये पडले. “तसं काही नाही हो, भाऊ. दोघींनी मिळून केलंय.” मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारले, “काय बाई, ही चक्राची कल्पना कुणाची?”

मला खरोखर हायसे वाटले. आता ती बोलेल, सासूबाईंच्या परसातली वेल, महादेवाचे फूल, एवढे दोन शब्द सांगेल, आणि तिच्या दिराला पुढे बोलायला जागा राहणार नाही. माझा तिच्यावर इतका भरवसा होता, की मी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “मी आपलं पाणी घालत होते, भाऊजी.”

खरे काय ते मला सांगता आले असते. पण ते सांगणे म्हणजे तिला तिच्या घरच्या माणसापुढे खोटी पाडणे. ज्या बाईने माझ्या हाती दोर दिला, तिच्याशी मला तसे वागवेना.

वेल काढायचे ठरले आणि तेही तिलाच सांगितले. तिने कात्रीने देठ कापले, नीट, एकेक. रिम उचलून भिंतीला टेकवली. निळी फुले तिने वाया जाऊ दिली नाहीत. ती ओच्यात गोळा करून सासूबाईंच्या पूजेसाठी घरी नेली.

प्रजासत्ताक दिनाला अधिकारी आले. वाफा त्यांना फार आवडला. शेवंतीतल्या उघड्या मातीकडे बोट करून त्यांनी विचारले, “मध्ये ही जागा का सोडली?”

“पाण्याची टंचाई, साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले. साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. कट्ट्यावर झेंडा फडकत होता, चक्रासकट.

त्या दुपारी ती शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसली. “रागावलीस?”

“नाही.”

“तुला काय, उद्या बदली होईल. मला त्याच घरात ऱ्हायचंय मरेस्तोवर.”

तिचे म्हणणे बरोबर होते. त्यातली एकही पायरी मला खोडता येत नाही, आजही नाही. पण तिला भीती वाटली, हे माझे दुखणे नव्हते. दिराची भीती मलाही वाटत होती. दुखणे हे, की तिच्या भीतीची झळ कुणी सोसायची याचा निर्णय तिने एका वाक्यात केला आणि त्यासाठी मी तिला हाताशी सापडले. दुसऱ्या दिवसापासून मी टँकरच्या रांगेत उभी राहू लागले. विहिरीवर का येत नाहीस, असे तिने विचारले नाही.

पुढच्या ऑगस्टात मुख्याध्यापकांनी पुन्हा वाफ्याचे काढले. मी मुलींची कवायत मागून घेतली. वाफा तिने एकटीने केला: झेंडू, तगर, मरवा. पट्टे सरळ होते, रोपे सारख्या अंतरावर होती. ते सगळे ती माझ्याकडूनच शिकली होती. पांढरा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होता. मध्ये जागासुद्धा सोडलेली नव्हती.

कवायत संपवून मी निघाले, तेव्हा मातीने भरलेले हात पुढे धरून ती उभी होती. “बघ ना गं. जमलंय का?”

तिला काय ऐकायचे होते ते मला समजले. दोन शब्दांत सगळे पूर्वीसारखे झाले असते, किंवा निदान तसे दिसले असते.

“छान झालंय,” मी म्हणाले.

उत्तर चुकले असेल, तर मुलीच्या वहीत मी कधी बरोबरची खूण केली नाही. मग ती मुलगी कितीही लाडकी असो. चूक दाखवावी ती ज्याने सुधारावे असे आपल्याला वाटते, त्यालाच. तिला मी ती दाखवली नाही. ती खुशीने हात धुवायला गेली आणि मी वर्गावर गेले.