गुलाबभाई 'बैठक' म्हणाले होते

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की पुढे टाळण्याचीच सवय झाली. कोणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर 'फार जुनं झालं ते' म्हणून हसायचो. ज्या दोघांना ती सांगायला हवी होती, त्यांतले तुळशीराम माळी कधीचेच गेले. दुसरे गुलाबभाई पिंजारी गेल्या महिन्यात गेले. सकाळी त्यांच्या नातीचा, शबनमचा फोन आला. "सर, दादाजी गेले," एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा गच्चीवर गादी उन्हात टाकत होतो. गुलाबभाईंनीच भरलेली गादी. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण या वयात आणखी किती लाजायचं? मला सुटल्यासारखं वाटलं. आता विचारणारं कोणी उरलं नाही... मग हळूहळू कळलं, की आता सांगावं असंही कोणी उरलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत. खामगावात त्या काळी हंगामात हवेत कापूस असायचा. जिनिंगच्या बाजूने वारा सुटला की माणसांच्या भुवयांवर, म्हशींच्या पाठीवर, चहाच्या बशीत पांढरे तंतू उतरायचे. आमच्या भागात पिंजारगल्ली आणि माळीपुरा समोरासमोर होते. इकडे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारी मुसलमान घरं, तिकडे भाजीपाला पिकवणारी माळ्यांची घरं. दोन्हींच्या मध्ये एक जुना कडुलिंब आणि त्याच्या बुंध्याभोवती दगडी ओटा. तो कोणी बांधला हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो कोणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. दर गुरुवारी दिवेलागणीला तिथे बैठक बसायची. गुरुवार दोन्हीकडे चालायचा. माळीपुऱ्याचा तो महाराजांचा वार, शेगावला जायचा. पिंजारगल्लीची ती जुमेरात. म्हणून त्या वाराबद्दल कधी वाद झाला नाही. आधी चार अभंग व्हायचे, मग दोन सूफी कलाम, आणि मग ज्याला जे सुचेल ते.

तुळशीरामकाका मृदंगावर असायचे. त्यांना पेटीचा सूर नको असायचा. सूर धरायचे गुलाबभाई, आणि तोही त्यांच्या पिंजायच्या धनुकलीवर. माणसाच्या उंचीची ती लाकडी धनुकली मांडीवर आडवी घेऊन ते तिची तात बोटाने छेडायचे. एकच खोल, घोगरा स्वर यायचा. तो ऐकू आला की दोन्ही गल्ल्यांतली माणसं हात पुसत बाहेर पडायची. तात आतड्याची असते, म्हणून तुळशीरामकाका तिला शिवत नसत, पण तिच्यावाचून त्यांचं गाणंही उठत नसे. "काऊन बे गुलाब, तुह्या धनुकलीले सर्दी झाली काय आज?" असं ते विचारायचे. "सर्दी तिले नाही काका, तुमच्या कानाले झाली. अन् मले सांगा, माह्या तातेचा इटाळ धरता, तं तुमच्या मृदंगाले कायचं कातडं हाय? केळीच्या पानाचं?" सगळा ओटा हसायचा. काका सर्वांत जास्त हसायचे.

मी त्या ओट्यावर लहानाचा मोठा झालो होतो, पण शिक्षणशास्त्राची पदवी घ्यायला पुण्याला गेलो आणि परत आलो तो जरा वेगळा होऊन आलो. पुण्यात मी पहिल्याच दिवशी 'मले' म्हणालो तेव्हा वर्ग हसला होता. वर्षभरात मी जीभ घासूनपुसून स्वच्छ केली. हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा घरातही 'मला-तुला' बोलायचो आणि आईने 'मले' म्हटलं की कानकोंडा व्हायचो. ओट्यावर जायचो, पण कडेला उभा राहायचो. विडीचा धूर, लिंबोळ्यांचा चिखल, उघड्या पोटाची माणसं... मनात यायचं, आपल्या गावाला एखादं सभागृह असावं. रंगमंच असावा, पडदा असावा. तिथे मी नाटक बसवावं.

अशात एक परदेशी बाई आमच्याकडे आल्या. युरोपातलं त्यांचं शहरही कापडाच्या गिरण्यांचं होतं. लढाईत ते बेचिराख झालं होतं, आणि पुन्हा उभं राहताना तिथल्या लोकांनी ठरवलं होतं, की दुसऱ्या देशातल्या एखाद्या कापसाच्या गावाशी मैत्री जोडायची. तसं पत्र आलं, गावात एक मैत्री समिती झाली, आणि इंग्रजी येतं म्हणून मी तिचा चिटणीस झालो. बाईंचं नाव हेल्गा. उन्हाने लाल झालेल्या, उंच, फार कमी बोलणाऱ्या. त्या तीन गुरुवार ओट्यावर येऊन बसल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. गुलाबभाईंच्या शेजारी दगडावर बसून त्यांनी धनुकलीच्या लाकडाला कान लावला, तेव्हा बायका पदराआड हसत होत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "आमचं शहर जळालं तेव्हा घरं आधी बांधली. पण माणसं संध्याकाळी एकत्र कुठे बसतील हे ठरेपर्यंत ते शहर झालं नव्हतं." म्हणजे बाईंना सगळं कळलं होतं. एक वाक्य सोडून. ते माझ्यातून जायचं होतं.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, तुम्ही दोन गल्ल्या अशाच एकत्र राहाव्यात म्हणून आमच्या शहराने काय करावं? मी ते मराठीत सांगितलं. तुळशीरामकाका म्हणाले, "बोल ना बे गुलाब, तुह्याच धनुकलीवर बाईचा जीव जडला." गुलाबभाई उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बाईले सांगा मास्तर, आमाले नवं कायी नको. आमची बैठक पायजे, तेवढी राहू द्या. लिंबाची सावली हाय, ओटा हाय, कोणाले इचारा लागत नाही. बस."

मी इंग्रजीत म्हणालो, "यांना बैठकीसाठी सभागृह हवं आहे."

पुढे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं की चूक झाली, बैठक या शब्दाने घोटाळा केला. तसं नव्हतं. बैठक म्हणजे काय हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. ते वऱ्हाडी वाक्य जसंच्या तसं त्या बाईंपुढे ठेवायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आड मी माझं मागणं पुढे सरकवलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि गुलाबभाईंचं नाव विचारलं. गुलाबभाईंनी मला विचारलं, "काय लिवलं बाईनं?" "तुमचं नाव." "माहं नाव? तिकडं जाईन ते, समुंदरापार?" "जाईल." ते इतके हरखले की त्यांनी धनुकली उचलून बाईंना सलाम केला.

सभागृह झालं. जागा ओट्याचीच ठरली, कारण बाईंच्या कागदात तीच जागा लिहिलेली होती. कडुलिंब तोडायला माणसं आली तेव्हा तुळशीरामकाका खाली बसून राहिले, त्यांना हाताला धरून उठवावं लागलं. दाराशी संगमरवरी पाटी लागली, 'पिंजारगल्लीचे रहिवासी गुलाबभाई यांच्या विनंतीवरून'. मजकूर मीच लिहिला होता. काकांनी शेजारच्या मुलीकडून तो वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचून घेतला, आणि सगळ्यांसमोर गुलाबभाईंना म्हणाले, "तुले हॉल पायजे होता ना? बस आता त्याच्यात!" गुलाबभाई म्हणाले, "काका, मी असं म्हनलोच नाही." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी होते तिथं. हा काय म्हनला?" आजूबाजूला समितीची सगळी मंडळी उभी होती. मी म्हणालो, "जे म्हणाले तेच लिहिलं आहे."

या एका वाक्याने मी दोन माणसं तोडली. मग माझ्या नियमांनी गल्ल्या तोडल्या. सभागृहाला कुलूप होतं, म्हणून किल्ली होती, म्हणून अर्ज आला. अर्जात 'मंडळाचे नाव' असा रकाना मीच छापून घेतला होता. आता बैठकीला नाव कुठलं? इतक्या वर्षांत तिला नावाची गरज पडली नव्हती. माळीपुऱ्याने एक नाव लिहिलं, पिंजारगल्लीने दुसरं. दोघांनीही गुरुवार मागितला. समितीने पहिला-तिसरा यांना, दुसरा-चौथा त्यांना असा तोडगा काढला, आणि आम्ही अतिशय न्यायाने वागलो असं मला तेव्हा वाटलं! पहिले काही महिने ते एकमेकांच्या गुरुवारी जाऊन बसले, मग पाहुण्यासारखे बसू लागले, मग यायचेच थांबले. आत विडी चालत नव्हती, चपला बाहेर, आवाज घुमायचा. धनुकलीचा स्वर त्या भिंतींत नुसता भणभणायचा. वर्षभरात तुम्ही घाण करून गेलात, तुम्ही सतरंजी फाडलीत, अशा तक्रारी येऊ लागल्या. आणखी काही वर्षांनी रस्त्यात उभ्या केलेल्या एका हातगाडीवरून दोन गल्ल्यांत दगड उडाले. अशा भांडणात पूर्वी कोणीतरी ओट्यावरून ओरडायचं, 'ए, बसा रे खाली!' त्या दिवशी ओरडायला ओटाही नव्हता आणि बसणारेही नव्हते.

हेल्गाबाईंचं पत्र यायचं. गाणं चालू आहे का? मी लिहायचो, उत्तम चालू आहे. त्यांनी फोटो मागितला तेव्हा मी दोन्हीकडची दहा-दहा माणसं गोळा करून रंगमंचावर उभी केली. गुलाबभाई मधोमध होते. तुळशीरामकाका आले नाहीत. फोटो तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आला. त्याचं कात्रण बाईंनी पाठवलं होतं. मी ते कोणाला दाखवलं नाही.

गुलाबभाईंचं नाव हॉलवाला पडलं. माळीपुऱ्यातून गादीचं काम येणं बंद झालं, पण त्याचं त्यांना विशेष नव्हतं. तुळशीरामकाका समोरून आले की ते रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि "काका, सलाम" म्हणायचे. काका पुढे निघून जायचे. हे वीसएक वर्षं चाललं. काका आजारी पडले तेव्हा गुलाबभाई दारापर्यंत गेले आणि दारातून परत आले. मी त्या दिवशी आतच होतो, काकांच्या खाटेपाशी. काका म्हणाले, "कोण व्हता?" काकांच्या मुलाने नाव सांगितलं. "हॉलवाला काय?" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या जिभेवर होतं. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि निघालो.

माझ्या घरचं काम मात्र गुलाबभाईंनी कधी सोडलं नाही. दर वर्षी दसऱ्याच्या पुढेमागे ते यायचे, गच्चीवर माझी गादी उसवायचे, कापूस पिंजायचे, पुन्हा भरून टाके घालायचे. पिंजायचं यंत्र आल्यावरही माझी गादी ते धनुकलीनेच पिंजत. दर वर्षी मी समोर खुर्ची टाकून बसायचो आणि ठरवायचो, की चहा झाला की सांगू. चार वर्षांपूर्वी ते शेवटचे आले. सुईत दोरा मी ओवून दिला. टाका घालता घालता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या रोजी मी बाईले नेमकं काय म्हनलो होतो हो? माह्या तं ध्यानात नाही रायलं."

इतकं मोठं दार त्यांनी माझ्यासाठी उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "फार वर्षं झाली, गुलाबभाई."

"हाव, झाली." त्यांनी दोरा दाताने तोडला. "लोकं म्हनतात तं खरंच असन. माह्याच तोंडून निंगलं असन."

हे मला सहन होत नाही. लोकांनी त्यांना दोष दिला, ते एक झालं. पण इतक्या वर्षांनी त्यांनी स्वतःच्याच कानांवरचा विश्वास सोडला, आणि माझ्यावरचा तेवढा सोडला नाही.

परवा मी त्यांच्या घरी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. शबनमने पाणी दिलं. भिंतीवर धनुकली होती, तात सैल होऊन लोंबत होती. "सर, दादाजी तुमचं नाव लई घेत," ती म्हणाली. "म्हनत, आपल्यासंगं शेवटपर्यंत मास्तरच राह्यले." मी पाणी प्यायलो आणि उठलो. परतताना सभागृहावरून आलो. दाराला गंजलेलं कुलूप आहे, आत कोणाचं तरी सामान भरलेलं आहे. पाटीवरची बाकी अक्षरं पुसली, गुलाबभाईंचं नाव तेवढं वाचता येतं. माळीपुऱ्याच्या तोंडाशी आता फाटक आहे. पिंजारगल्लीतल्या मुलांना विचारलं, इथे ओटा होता माहीत आहे का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. यातलं काही परत जोडलं जाईल असं मला वाटत नाही. हे लिहून तर नाहीच.

रात्री मी त्याच गादीवर झोपतो. चार वर्षांत ती मधे दबली आहे, कापसाच्या गुठळ्या झाल्या आहेत आणि त्या पाठीला लागतात. मुलगा म्हणतो, नवी आणू. मी नको म्हणतो. कडेचे टाके मी अंधारात बोटाने चाचपतो. शेवटचे काही वाकडे आहेत, त्यांनी तो प्रश्न विचारला तेव्हाचे. आणि तिथे बोट आलं की जे बोलतो, ते आईकडून शिकलेल्या आणि पुण्यात टाकून दिलेल्या बोलीत बोलतो. ऐकणारं कोणी नसतं...

गुलाबभाई, तुमी बैठकच म्हनले होते. हॉल म्या म्हनलो. तुमच्या तोंडून काहीच वंगाळ निंगलं नव्हतं. मले माफ करजा.