आबांच्या मागं कोण उभं राहणार

नामा, मी चकलांबा सोडलं त्या सकाळी करोडगिरीच्या जकात नाक्यावर शिपायानं माझं गठुडं पार उलथंपालथं केलं. अल्याड आपली निजामाची मोगलाई, पल्याड इंग्रजी मुलूख. आबांनी माझ्या काखेतलं तुणतुणं काढून तुझ्याकडं दिलं अन् म्हणाले, "पोट भरलं की माघारी ये." तू लहान हुतास. तुला वाटलं, खेळणं मिळालं.

मुंबईत हाटेलातल्या बँडचं सामान उचलायचो. बेस वाजवणारा पळून गेला अन् बँडच्या गोव्याकडल्या मास्तरनं ते माणसाएवढं वाद्य माझ्यापुढं उभं केलं. चार जाड तारा, बोटानं छेडल्या की पोटात घुमतंय! एका तारेवरून मी चारांवर आलो. पण पहिल्याच नाचाला घात झाला. गोंधळात देवी जवळ आली की आपली लय चढते ना, तसा माझा हात चढला. सगळा बँड माझ्यामागं फरफटला अन् नाचणारे सायब-मडमा एकमेकांच्या पायांत अडकून पडले. "आमच्यात असंच वाजवत्यात," मी म्हणालो. "अरे बाबा, इथं देवी नाय येत!" मास्तर ओरडला. महिनाभर मला भिंतीवरच्या घड्याळापुढं, टिकटिकीला धरून वाजवायला लावलं. काय सांगू, रडू यायचं.

आता त्याच हाताचं नाव झालंय. जाझ वाजवणारे दुसऱ्या हाटेलातनं मला ऐकाया येत्यात. लय केसभर हलत न्हाई म्हणत्यात. अन् मला मात्र रोज धाकधूक, हात पुन्हा चढला तर?

मग आपल्या ठकीच्या लग्नाच्या गोंधळाला मी घरी आलो. आबांनी कौतुकानं तुणतुणं मला दिलं. संबळ चढला, माझा हात तितंच. आबांनी दोनदा मागं बघितलं. "चल की रं!" म्हणाले. मला लई चालायचं हुतं, नामा, आईची आण. हातच चढंना. आबा थांबले. चिडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "तू बस बाबा. पाव्हणा हायेस." तुणतुणं तुला दिलं, तू संबळाच्या बरोबरीनं धावलास अन् आत्याच्या अंगात आलं. मी सतरंजीवर बसून बघत हुतो. पाव्हणा म्हणं! ज्या घरात जल्मलो तितं!

अन् आता तुझं पत्र. "दादा, मलाबी बोलवून घे." कावून रं? तुझं बोट माझ्यापेक्षा गोड हाय, मास्तर तुला डोक्यावर घील. म्हणूनच भ्या वाटतंय. चार दिस झाले, जवाब लिवतो अन् फाडतो. न्हाई म्हणावं तर मी कोण अडवणारा, मी तर आलोच. ये म्हणावं तर आबा संबळ घेऊन एकलेच दिसत्यात. घर कुठं म्हणून इथं कुणी इचारलं तर मी चकलांबा सांगतो, कारण तितं तू हायेस. आपण दोघंबी पाव्हणे झालो, तर नामा, आबांच्या माघारी बस म्हणायला तितं कोण उरंल?