सरांच्या गाडीचं पोट टेकलं

पुढची चाकं स्पीडब्रेकरच्या पलीकडं, मागची अलीकडं आणि गाडीचं पोट बरोबर मधोमध टेकलेलं. चाकं गरागरा फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती. पुढं बँड जोरात वाजत होता. गाडीत लातूरचे नावाजलेले फिजिक्सचे सर, हारात बुडालेली त्यांच्या क्लासची टॉपर पोरगी आणि तिचं सगळं खटलं. गर्दीत नवी साडी नेसून उभी होते मी, कालच ती गाडी खाली बसवणारी मेकॅनिक.

आज नातवंडं मला शहाणी समजतात. समजू द्या.

भूकंपानंतर आमच्याकडं कुणाला स्लॅबखाली झोप यायची नाही. म्हणून औसा रोडला मी आणि गफूरभाईंनी गॅरेज टाकलं तेही पत्र्याचं. पुढं शहरात क्लासेसचं पीक आलं आणि सरांच्या दारात गाड्या आल्या. फिजिक्सच्या सरांना आपली गाडी रस्त्याला चिकटून चाललेली हवी होती. त्यांनी पुण्याहून कॉइलओव्हर मागवले.

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक. अंगावर आटे असतात, आट्यांवर रिंग. रिंग खाली फिरवली की गाडी बसते, वर फिरवली की उठते. लातुरात तोवर हे कुणी बसवलं नव्हतं. आणखी तीन क्लासवाले सर या गाडीकडं डोळे लावून होते. ही जमली तर त्यांच्याही गाड्या आमच्याकडं, फसली तर आम्ही पुन्हा पंक्चर काढायला मोकळे.

जुने शॉकअप काढले, नवे बसवले. बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून मगच आवळले, सगळं पुस्तकाप्रमाणं. मग रिंगा फिरवायला घेतल्या.

"बाई, अजून एक बोट खाली येतंय," गफूरभाई म्हणाले.

"येतंय तर आणा की," मी म्हणाले.

आम्ही दोघं जमिनीला गाल लावून फट बघत होतो. गाडी देखणी दिसत होती आणि रिकामी होती. स्प्रिंगवर वजन टाकलं की ती दबते, हे सर रोज शेकडो पोरांना शिकवायचे. त्या दिवशी ना त्यांना आठवलं, ना मला.

दुसऱ्या दिवशी निकालाची मिरवणूक. टॉपर लोहा गावची. पोरगी पुढं, मागं आईबाप आणि आजी, डिकीत पेढ्यांचे खोके आणि नोट्सचे गठ्ठे. आणि क्लासपुढचा तो स्पीडब्रेकर सरांनी स्वतः उभा राहून उंच करून घेतलेला, पोरं बाइक दामटतात म्हणून.

सर उतरले, पोरगी उतरली, आईबाप उतरले. डिकी रिकामी केली. गाडी थोडी उठली, पण सुटेना. आजी उतरायला तयार नव्हती.

"म्या न्हाई उतरत," ती म्हणाली. "नातीनं नंबर आणलाय. गाडीत बसवून मिरवतो म्हणलात, मिरवा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी बँडवाल्यांकडं बघितलं. शेवटी क्लासच्या पोरांनी आजीसकट गाडीचं मागलं अंग उचललं आणि ढकलली पलीकडं. आजीनं खिडकीतून दोन्ही बाजूंना नमस्कार केले. बँड एकदाही थांबला नाही.

मी आणि गफूरभाई पंक्चरचं सामान झटकून ठेवायला गॅरेजवर गेलो. संध्याकाळी केमिस्ट्रीचे सर आले. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, हे वर पण होतं का?"

"होतं की. रिंग फिरवायची."

"मग मला वरचं बसवा. आमच्या दारातला ब्रेकर त्यांच्यापेक्षा उंच आहे."

बाकीचे दोघंही आले. सगळ्यांना उंचच हवी होती. शेवटी फिजिक्सचे सर आले, किल्ली ठेवून गेले.

तेव्हापासून मी रिकाम्या गाडीवर रिंग आवळली नाही. डिकीत नेहमीचं सामान ठेवायला लावते आणि गिऱ्हाइकाला सांगते, घरातली सगळी माणसं घेऊन या. एकदा एक सून आली, म्हणाली सासूबाईंना तेवढं सोडून चालेल का? मी म्हणाले, त्यांनाच आधी बसवा. गाडीतून न उतरणारं माणूस कोण, हे आधी कळलेलं बरं.