सोलकढीच्या रंगाचे झगे

मंडळी, आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आमच्या आळीत कुणी चकवा-बिकवा सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण झालं ते झालं.

आम्ही रत्नागिरीत, पावसच्या रस्त्याला राहतो. मी घरीच शिवणकाम करते — क्लास कुठला नि काय, जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. शेजारची फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, चर्चच्या कॉयरमधली मुख्य गाणारी. तिथल्या बायका इतकी वर्षं साडीवरच गायच्या. यंदाच्या नाताळला सगळ्यांना पांढरे झगे करायचं ठरलं. बाकीच्या म्हणाल्या, मुंबईहून तयार मागवू. फिलू अडून बसली — "आमची वहिनी शिवेल. बिघडलं तर मला धरा!"

झालं, माझी झोप उडाली. पण शिवले मात्र झकास! लांब बाह्या, गळ्याशी चुण्या, घोट्यापर्यंत घेर. फक्त कापड पडलं सुती, मरगळल्यासारखं लोंबायला लागलं. म्हटलं, जरा खळ देऊ. आमच्याकडे खळ म्हणजे भाताची पेज, दुसरं काय! नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी गॅसवरची पेज गाळली, पाण्यात कालवली, झगे बुचकळले, दोरीवर टाकले... आणि वाळल्यावर बघते तर सगळे गुलाबी! नणंदेने गावाहून लाल तांदूळ पाठवला होता, त्याचीच ती पेज. घाईत माझ्या लक्षातच आलं नाही.

"सोलकढीत बुडवलेस काय गो?" आमचे हे म्हणाले.

पुन्हा धुतले, साबण चोळला. रंग जाईना. नीळ घातली असती तर वांगी झाली असती!

संध्याकाळी फिलू न्यायला आली नि मटकन खुर्चीत बसली. "वहिनी, त्या मला फाडून खातील गो."

"मुंबईचेच आणले असते तर..." मी रडकुंडीला आले.

"गप! गुलाबी तर गुलाबी. येशूबाळ काय रंग बघून येणाराय?" असं म्हणाली खरी, पण पिशवी उचलून निघाली तेव्हा चेहरा पार उतरलेला.

नाताळच्या सकाळी आम्ही दोघं चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर. मी पदर तोंडाशी धरून. गाणाऱ्या बायका आत आल्या... आणि ह्यांनी मला कोपर मारलं. झगे पांढरे! जुईच्या फुलासारखे! ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. तरी पांढरेच. आणि फिलू काय गायली म्हणून सांगू — मला एक शब्द कळेल तर शपथ, पण अंगावर काटा आला.

नंतर फादर स्वतः आले. "काकी, आता माझाही झगा तुम्हीच शिवा."

मी फिलूला कोपऱ्यात घेतलं. "काय केलंस तू?"

"मी कसलं करतेय! पिशवीतून काढले तेव्हा गुलाबीच. ह्या सगळ्या भांडायला उठल्या. मी म्हटलं, वेळ झाली, आधी घाला, मग भांडा! घातल्यावर बघतो तर..."

मुंबईहून मागवू म्हणणाऱ्या बायका आता मलाच विचारतात, "काकी, जादू करता की काय?"

बरं, झगे धुवायला माझ्याकडे आले. पिशवी उघडली — गुलाबी! ह्यांचं म्हणणं, चर्चच्या रंगीत काचांचा उजेड असेल. मग बाहेर अंगणात भर उन्हात काढलेल्या फोटोतही पांढरे कसे? त्यावर ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

ईस्टरला मी ठरवलंच, रंग बदलतो कधी ते आपल्या डोळ्यांनी पकडायचं. चर्चच्या बाजूच्या खोलीत फिलूसमोर डोळे फाडून उभी राहिले. तिने गुलाबी झगा डोक्यावरून घेतला. हात बाह्यांत गेले, डोकं चुण्यांत अडकलं. आतून ओरडतेय, "वहिनी, गळा लहान केलायस गो! काढ मला!" मी खाली ओढला, तसं डोकं बाहेर आलं — केस पिंजारलेले, नाक लाल — आणि ती अशी खो खो हसत सुटली की मलाही हसू आवरेना.

खाली बघितलं तर झगा पांढराशुभ्र.

का होतं, कसं होतं, मला अजून सांगता येत नाही. कळलं असतं कदाचित... पण नेमकं तेव्हाच मी तिच्या तोंडाकडे बघत होते.