फाटक, गाय आणि माझी उंची

बाळांनो, उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तुम्ही आलात की आपल्या मांजलपूरच्या घराला बागेकडून एक लाकडी फाटक दिसेल. त्याची मधली फळी बाकीच्या फळ्यांपेक्षा हातभर आखूड आहे. हसायच्या आधी हे वाचून या.

व्हिडिओवर मी तुम्हाला शब्द दिला होता की यंदा उंधियूच्या भाजीला बाजारच्या पापडीच्या शेंगा आणणार नाही, आपल्याच बागेतल्या घालीन. म्हणून कुंपणाशी पापडीचे पाच वेल लावले. ते कमरेएवढे झाले आणि एका सकाळी पाहते तर गुडघ्याएवढे! जुनं लोखंडी दार गंजून पडल्यापासून तिथे नुसती दोरी बांधलेली होती. दोरी बांधली म्हणजे आत यायचं नाही, हे सोसायटीत हिंडणाऱ्या तांबड्या गाईला मान्य नव्हतं.

"फाटक मी करतो," आजोबा म्हणाले.

आजोबांची हत्यारं तुम्ही पाहिलेली नाहीत, कारण ती वर्षातून एकदाच, दसऱ्याला, झेंडूची फुलं वाहून घ्यायला बाहेर येतात. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने घेतलेली करवत आजवर फक्त पूजेला बसली होती. दसरा नुकताच झाला होता आणि करवतीवर अजून कुंकू होतं. तेवढाच मुहूर्त.

मी वहीत आराखडा काढला. दोन खांबांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली असं तीनदा मोजलं. उभ्या फळ्या सात, उंची साडेतीन फूट.

"साडेतीन?" आजोबा म्हणाले. "अगं, ती वरून मान घालून सगळं फस्त करेल. पाच फूट हवं."

"कशावरून पाच?"

"थांब, मोजूनच सांगतो." ते टेप घेऊन गाईची मान मोजायला गेले. गाईने टेप चाटला. माप काही मिळालं नाही, पण पाच फूट ठरलं. मी वहीतला आकडा खोडून दुसरा लिहिला.

लाकूड म्हणजे तुमच्या बाबाचा लहानपणचा पलंग. फोनवर त्याला सांगितलं तर तो कळवळला. "आई, मग मी आल्यावर झोपू कुठे?"

"फाटकावर," आजोबा मागून ओरडले. "पाय बाहेर काढून झोपायची तुला सवय आहेच."

चार दिवस अंगणात खटखट चालली होती. पाचव्या दिवशी फाटक उभं राहिलं आणि लगेच एका बाजूने कलायला लागलं. शेजारचे भाई आपल्या ओट्यावरून सगळं बघत होते. ते म्हणाले, "काका, आ त्रांसी पट्टी ऊंधी छे." फळ्यांना धरून ठेवणारी तिरकी पट्टी आम्ही उलट्या बाजूने बसवली होती.

"मुद्दाम तशी लावलीय," आजोबा म्हणाले. भाई चहा प्यायला आत गेल्याबरोबर त्यांनी गुपचूप स्क्रू काढून ती फिरवली. फाटक सरळ झालं. बाहेर आल्यावर भाई म्हणाले, "हवे बराबर!" म्हणजे आता बरोबर. आजोबांना तेव्हा पाणी प्यायला घरात जायचं आठवलं.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. तव्यावरची पहिली पोळी आपल्याकडे गाईची असते. हा तुमच्या पणजीने लावलेला नेम. ती पोळी फेकायची नाही, हाताने भरवायची आणि मग डोळे मिटून नमस्कार करायचा. दार पडल्यापासून मी दोरीच्या आतून भरवत आले. पोळी घेऊन गेले तर गाय फाटकाला नाक लावून उभी. मी हात वर केला. माझी उंची चार फूट अकरा इंच. पोळी फाटकाच्या वर पोचली, पण हात गाईच्या तोंडापर्यंत वाकेना. फळ्यांच्या फटीतून जाईना. बाहेर जावं, तर शिंगांना घासून जावं लागणार. तेव्हा मला उमगलं की आम्ही खांब मोजले, फळ्या मोजल्या, गाईचीसुद्धा मान मोजायला गेलो, पण माझं माप कुणी घेतलं नव्हतं.

मग मी काय केलं? कडी काढली, फाटक आत ओढलं, पोळी भरवली आणि डोळे मिटून हात जोडले.

"मासी!" भाई ओट्यावरून ओरडले. "गाय अंदर आवी गई!"

डोळे उघडले तेव्हा ती माझ्या शेजारून निघून पापडीपाशी पोचली होती. मी झाडू घेतला, आजोबांनी छत्री. तिला बाहेर काढेपर्यंत तीन वेल मुळापासून गेले होते. फाटक मात्र कुठेही हललं नव्हतं.

आजोबा धापा टाकत पायरीवर बसले. "तू तिला रोज जेवायला बोलावतेस, आणि जेवायला आली की फाटक लावून घ्यायला सांगतेस. तिने समजायचं काय?"

"मग पोळी बंद करू? आईंचा नेम आहे."

 आजोबांनी उठून करवत आणली, मला फाटकाशी उभं केलं, "हात पुढे कर" म्हणाले आणि माझा हात सहज पोचला तिथे पेन्सिलीने खूण केली. मधली फळी तिथून कापली. मग मी टेप लावून पाहिलं. जमिनीपासून साडेतीन फूट.  मी वही आणून खोडलेल्या आकड्याचं पान त्यांच्यासमोर उघडून ठेवलं.

आता गाय त्या फटीतून नाक तेवढं आत घालते, पोळी घेते आणि जाते. शिंगं बाहेरच राहतात. नमस्कार मी करते, पण एक डोळा उघडा ठेवून.

दोन वेल वाचलेत आणि त्यांना फुलं लागली आहेत. उंधियूला पुरेल एवढी पापडी होणार नाही, बाजारची घालावी लागेल. पण आपली मूठभर तरी असेल, आणि ती तुमच्याच ताटात पडेल, हे मी बघेन.

आल्यावर पहिली पोळी तुम्ही भरवा. तुम्ही आता माझ्यापेक्षा उंच झालात म्हणे, तेव्हा तुमचा हात वरूनही पोचेल. पण त्या फटीतूनच द्या. आजोबांनी तिची कड तीनदा घासून गुळगुळीत केली आहे, माझ्या हाताला लाकडाचं कुसळ टोचू नये म्हणून.